पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर: नोंदीपासून उपचारापर्यंतची वाट

पाळीच्या दुसऱ्या दिवशी दर तासाला पॅड बदलावा लागणे, रात्री चादरीखाली प्लॅस्टिक अंथरून झोपणे, कामावर जाताना मुद्दाम काळी सलवार निवडणे या गोष्टी अनेक घरांत इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्या आजाराची लक्षणे असू शकतात हे कुणाच्या मनातही येत नाही. आईला असेच व्हायचे, मावशीलाही व्हायचे, तेव्हा मुलीलाही होणारच, असे म्हणून विषय तिथेच मिटवला जातो. वास्तविक अतिरक्तस्राव मोजता येतो, त्याचे कारण शोधता येते आणि बहुतेक वेळा तो औषधांनी आटोक्यातही येतो. ज्यांना हा त्रास नव्याने सुरू झाला आहे, किंवा बरीच वर्षे सोसल्यावर आता प्रथमच ज्यांनी डॉक्टरांकडे जायचे ठरवले आहे, अशा मुंबई आणि परिसरातल्या स्त्रियांसाठी हा लेख आहे. आधी नोंद, मग रक्ताची तपासणी, मग कारणाचा शोध आणि त्यानंतर उपचार असा क्रम यात सुचवला आहे. हा क्रम पाळण्याचा आग्रह मी धरते, कारण मोजमाप आणि कारण हाती नसताना उपचार सुरू झाले, तर एकीकडे वर्षानुवर्षे नुसत्या वेदनाशामक गोळ्या चालू राहतात आणि दुसरीकडे थेट पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याची भाषा सुरू होते.

आधी हे: कोणत्या वेळी थांबू नये

सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल किंवा चक्कर येऊन पडणे झाले असेल, तर सकाळची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टी विभागात जावे. अशा अवस्थेत एकटीने लोकल पकडू नये. सोबत कुणाला तरी घ्यावे किंवा 108 क्रमांकावर फोन करून शासनाची मोफत रुग्णवाहिका बोलवावी.

पाळी चुकल्यानंतर अचानक जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ येत असेल, तर तो गर्भपात किंवा गर्भनलिकेत राहिलेला गर्भ असू शकतो. ही तातडीची स्थिती आहे आणि डॉक्टरांना गर्भधारणेची शक्यता स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागते. ताप असताना पाळी नेहमीपेक्षा जोरात आली, तर डेंग्यूची शंका घेऊन प्लेटलेट तपासून घ्याव्यात आणि डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत मेफेनामिक ॲसिड, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांपैकी काहीही घेऊ नये. तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे.

पाळी कायमची जाऊन बारा महिने उलटल्यानंतर एखादा जरी डाग दिसला, तरी तो उरलीसुरली पाळी समजून सोडून देऊ नये. ही आणीबाणी नसली तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवण्याइतकी महत्त्वाची बाब आहे, कारण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे ते सर्वांत पहिले लक्षण असू शकते.

पहिली पायरी: मोजणे

एका पाळीत साधारणपणे 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते आणि 80 मिलिलिटरच्या वर गेल्यास वैद्यकशास्त्र त्याला अतिरक्तस्राव म्हणते. घरी मिलिलिटर मोजत कुणी बसत नाही, म्हणून डॉक्टर काही खुणा विचारतात. पाळी सात-आठ दिवसांहून अधिक चालते का, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो का, एकावर एक दोन पॅड लावावे लागतात का, रात्री झोपेतून उठून बदलावे लागते का, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गुठळ्या पडतात का, असे ते प्रश्न असतात. यांपैकी एक-दोन प्रश्नांचे उत्तर दर महिन्याला 'हो' असेल, तर पुढे वाचावे. आकडा काहीही असो, पाळीमुळे शाळा, कामावरची हजेरी, घराबाहेर पडणे किंवा झोप यांवर परिणाम होत असेल, तर तेवढ्या कारणावरून उपचार मागण्याचा हक्क स्त्रीला आहे. आजची वैद्यकीय व्याख्याही मिलिलिटरपेक्षा या परिणामालाच अधिक महत्त्व देते.

गुठळ्यांची भीती अनेकींना वाटते, म्हणून त्यांच्याविषयी थोडे अधिक. गर्भाशयात रक्त गोठू न देणारी, झालेली गुठळी विरघळवणारी द्रव्ये असतात, त्यामुळे सामान्य पाळीतले रक्त पातळ राहते. प्रवाह जोराचा झाला की या द्रव्यांना काम करायला वेळ मिळत नाही आणि रक्त गोठून बाहेर येते. म्हणजे मोठी गुठळी ही स्राव जास्त असल्याची खूण आहे, 'साचलेली घाण निघाली' असे तिला समजू नये. लहानसहान गुठळ्या मात्र कुणालाही पडू शकतात.

आता नोंद. ब्रिटनमधील डॉक्टरांनी 1990 मध्ये पॅडवरच्या डागावरून गुण देण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली आणि ती आजही जगभर वापरली जाते. थोडासा डाग असलेल्या पॅडला 1 गुण, मध्यम भिजलेल्या पॅडला 5, पूर्ण भिजलेल्या पॅडला 20, लहान गुठळीला 1 आणि मोठ्या गुठळीला 5 गुण द्यायचे. संपूर्ण पाळीची बेरीज 100 किंवा त्याहून अधिक झाली, तर स्राव 80 मिलिलिटरच्या वर असण्याची शक्यता मोठी असते.

कागदावर ते कसे दिसते, ते एका उदाहरणाने पाहू. पहिल्या दिवशी दोन पॅडवर थोडा डाग आणि दोन मध्यम भिजलेले, म्हणजे 2 आणि 10 मिळून 12 गुण. दुसऱ्या दिवशी चार पूर्ण भिजलेले, दोन मध्यम आणि एक मोठी गुठळी, म्हणजे 80, 10 आणि 5 मिळून 95. तिसऱ्या दिवशी दोन पूर्ण भिजलेले आणि तीन मध्यम, म्हणजे 55. पुढच्या तीन दिवसांत मिळून तीन मध्यम आणि तीन डागापुरते, म्हणजे 18. एकूण 180. ही स्त्री 'मला जरा जास्त जाते' एवढेच बोलून दवाखान्यातून परत आली असती. 180 हा आकडा घेऊन गेली, तर बोलणे मोघम राहत नाही आणि डॉक्टरांनाही नेमके प्रश्न विचारता येतात.

या मोजणीची मर्यादाही लक्षात घ्यावी. आजचे मोठे एक्सएल पॅड जुन्या पॅडपेक्षा बरेच जास्त शोषून घेतात, म्हणून नेहमी एकाच प्रकारचे पॅड वापरून नोंद करावी आणि त्याचे नाव व आकार कागदाच्या वरच लिहावा. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांचे काम सोपे असते. कपात बहुधा 20 ते 30 मिलिलिटर मावते आणि अनेक कपांवर खुणाही असतात. प्रत्येक वेळी रिकामा करताना आकडा लिहिला की बेरीज आपोआप मिळते. जमणारा स्राव सगळा रक्ताचा नसतो, त्यात इतर द्रवही असतो, हे डॉक्टर गृहीत धरतात. ज्यांनी तांबी (कॉपर-टी) बसवली आहे त्यांनी कप सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण कप ओढून काढताना तांबी जागेवरून हलू शकते.

नोंद निदान दोन पाळ्यांची असावी, तीन असतील तर उत्तम. मात्र वर सांगितलेली धोक्याची लक्षणे असतील किंवा थकवा फार असेल, तर नोंदीसाठी दोन महिने थांबत बसू नये. हातात असेल ती माहिती घेऊन निघावे.

दुसरी पायरी: अंगात रक्त किती उरले आहे ते पाहणे

जास्त स्रावाचे खरे नुकसान हळूहळू होते. दर महिन्याला जेवढे लोह बाहेर जाते तेवढे जेवणातून भरून निघत नाही, मग शरीर साठ्यातले लोह वापरू लागते आणि साठा संपल्यावर हिमोग्लोबिन उतरू लागते. दादरचा पूल चढताना मध्येच थांबावे लागणे, केस गळणे, पाय अस्वस्थ होऊन झोप न लागणे, बर्फ, खडू किंवा माती खावीशी वाटणे ही सगळी लोहाच्या कमतरतेची लक्षणे असू शकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. इतक्या जणींना तो असतो म्हणूनच बहुधा तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

दोन तपासण्या पुरेशा बोलक्या असतात: सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी, आणि फेरिटिन. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेल्यास रक्तक्षय, 11 च्या खाली मध्यम आणि 8 च्या खाली तीव्र रक्तक्षय मानला जातो. फेरिटिन लोहाचा साठा दाखवते. ते 30 च्या खाली असेल, तर हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिता होत चालला आहे असे समजावे. केवळ हिमोग्लोबिन पाहून 'सगळे नॉर्मल आहे' असे ऐकून परत आलेल्या आणि तरीही सतत दमलेल्या स्त्रियांनी फेरिटिन मुद्दाम मागून घ्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या की त्या घेण्याची रीत पाळावी. शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्याव्यात आणि चहा, कॉफी, दूध व कॅल्शियमची गोळी यांपासून आधी-नंतर तासा-दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळीनंतर लगेच कटिंग चहा घेतला, तर गोळीतले बरेचसे लोह अंगी लागत नाही. शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झाल्यास गोळी परस्पर बंद न करता एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारावे. बऱ्याच जणींना ते अधिक सोसवते आणि लोहही नीट शोषले जाते. हिमोग्लोबिन वर आल्यानंतरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. गोळ्या सोसत नसतील किंवा हिमोग्लोबिन फारच खाली असेल, तर शिरेतून लोह देता येते आणि त्यासाठी बहुतेक वेळा काही तासच रुग्णालयात राहावे लागते.

महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, आहे का हे पाहणारी तपासणी करून घ्यावी. मुंबईत सिंधी, लोहाणा आणि इतर काही समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे, पण तो कोणत्याही समाजात आढळू शकतो.

आहाराने साठा टिकतो, पण उतरलेले हिमोग्लोबिन एकट्या आहाराने सहसा भरून येत नाही. कलेजी, मटण, मासे, तिसऱ्या यांतले लोह चटकन शोषले जाते. शाकाहारी जेवणात कडधान्ये, अळीव, राजगिरा, तीळ, पालेभाज्या घ्याव्यात आणि त्यावर लिंबू पिळावे. बीट आणि डाळिंब रंगाने लाल असले तरी त्यांत लोह फारसे नसते.

तिसरी पायरी: कुठे जायचे आणि काय बोलायचे

घराजवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा 'आपला दवाखाना' केंद्रात तपासणी, औषधे आणि रक्ताच्या प्राथमिक चाचण्या मोफत होतात आणि सुरुवात तिथून करायला काहीच हरकत नाही. पुढच्या तपासण्यांसाठी परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर, विलेपार्ल्याचे कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत. भायखळ्याचे जे. जे. आणि सीएसएमटीजवळचे कामा ही राज्य शासनाची आहेत, आणि कामा तर 1886 पासून मुख्यतः स्त्रिया व मुलांसाठीच चालते. मोठ्या रुग्णालयांत स्त्रीरोग विभागाची ओपीडी सकाळी असते आणि केसपेपरच्या रांगेत बराच वेळ जातो, म्हणून लवकर पोहोचावे. दिवसाप्रमाणे युनिट, म्हणजे डॉक्टरांचे पथक, बदलते, त्यामुळे पहिल्यांदा ज्या युनिटने तपासले त्यांचा वार केसपेपरवर लिहून घ्यावा आणि पुढच्या वेळी त्याच वारी जावे. दर खेपेला नव्या डॉक्टरांपुढे पहिल्यापासून सगळे सांगण्याचा त्रास त्याने वाचतो.

सोबत नोंदीचा कागद, आधीचे रिपोर्ट आणि चालू असलेल्या सर्व औषधांची नावे न्यावीत. त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, सगळे आले. 'अंगावरून खूप जातंय' हे वाक्य प्रत्येक मराठी डॉक्टरांना कळते, पण लगेच पुढे कागद ठेवावा आणि 'दुसऱ्या दिवशी चार पॅड पूर्ण भिजतात, दोन्ही महिन्यांची बेरीज इतकी आहे, माझे कामाचे दोन दिवस बुडतात' असे नेमके सांगावे.

'लग्न झाले आहे का?' हा प्रश्न ओपीडीत हमखास येतो. डॉक्टरांना त्यातून शारीरिक संबंध आले आहेत का हे जाणून घ्यायचे असते, कारण त्यावर गर्भधारणेची चाचणी करायची की नाही आणि आतून तपासायचे की नाही हे ठरते. अविवाहित मुलींनीही याचे खरे उत्तर द्यावे. सोबत आलेल्या नातेवाइकांसमोर बोलणे अवघड वाटत असेल, तर 'मला दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे' असे सांगावे. संबंध आले नसतील, तर सोनोग्राफी पोटावरूनच करतात. त्यासाठी मूत्राशय भरलेले असावे लागते, म्हणून आधी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून रांगेत बसावे लागते. ते फारच असह्य झाले तर तिथल्या परिचारिकेला सांगावे. थोडी लघवी करून पुन्हा पाणी प्यायले तरी चालते, त्यासाठी तारीख पुढे ढकलण्याची गरज नसते.

चौथी पायरी: कारण

स्राव वाढण्याची कारणे वयानुसार बदलतात. पाळी सुरू झाल्यावरची दोन-तीन वर्षे आणि पाळी जाण्याआधीची काही वर्षे या काळात स्त्रीबीज दर महिन्याला सुटत नाही, अस्तर जाड होत राहते आणि मग एकदम जोरात सुटते. थायरॉइडचा विकार आणि पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडून स्त्रीबीज नियमित न सुटण्याचा विकार, यांतही असेच होते. तिशी-चाळिशीत गर्भाशयाच्या स्नायूतल्या फायब्रॉइडच्या साध्या गाठी, अस्तरावरचे पॉलिप, म्हणजे मऊ कोंब, आणि अस्तराच्या पेशी स्नायूत शिरून गर्भाशय जाड होणे, म्हणजे ॲडेनोमायोसिस, ही कारणे जास्त दिसतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पिशवीला सूज आहे' एवढेच सांगितले गेले, तर सूज नेमकी कशाची, गाठ असल्यास ती कुठे आणि किती सेंटिमीटरची, हे विचारून लिहून घ्यावे. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठ बाहेरच्या बाजूच्या सहा सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा जास्त रक्त घालवू शकते, त्यामुळे गाठीच्या आकाराइतकीच तिची जागा महत्त्वाची असते.

तांबी बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर ते आवर्जून सांगावे. तांबीने स्राव वाढतो ही माहीत असलेली बाब आहे.

एका कारणाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. पहिल्या पाळीपासूनच स्राव अतिशय जास्त असेल, शिवाय अंगावर सहज काळेनिळे डाग पडत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, घोळणा फुटल्यावर दहा मिनिटांतही थांबत नसेल, किंवा दात काढल्यावर अथवा बाळंतपणात बराच रक्तस्राव झाला असेल, तर रक्त गोठण्यातच दोष असू शकतो. त्यांपैकी व्हॉन विलेब्रँड हा आजार सर्वांत अधिक आढळतो आणि तो आईवडिलांकडून येतो, म्हणूनच 'आमच्या घराण्यात सगळ्यांनाच असे होते' हे वाक्य ऐकल्यावर या आजाराचा विचार व्हायला हवा. केईएमच्याच आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही केंद्र शासनाची संस्था आहे आणि रक्तस्रावाच्या अशा आजारांचे निदान तिथे होते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पाळीमुळे रक्त चढवावे लागले असेल, तर तिची ही तपासणी झाल्याशिवाय राहू नये.

वय 45 च्या पुढे असेल, किंवा वजन जास्त असून पाळी बरीच वर्षे अनियमित असेल, तर डॉक्टर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. त्याला नकार देऊ नये. 'आता पाळी जायची वेळ आली, असे होणारच' या समजुतीने गेलेले महिने काही वेळा फार महाग पडतात. संबंधांनंतर रक्त दिसत असेल, तर गर्भाशयमुखाची तपासणीही सोबतच करून घ्यावी.

पाचवी पायरी: उपचार, सौम्य उपायांपासून

पहिले औषध बहुधा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड असते. त्यात हार्मोन नसते. झालेली गुठळी विरघळवण्याची क्रिया ते मंद करते, त्यामुळे उघड्या रक्तवाहिन्यांची तोंडे लवकर बंद होतात आणि स्राव साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी घटू शकतो. नेहमीचे प्रमाण 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा असे असते. जास्त स्राव सुरू झाला की सुरू करायचे आणि चार-पाच दिवसांत थांबवायचे, महिनाभर घ्यायचे नाही. पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूत पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, तर हे औषध चालत नाही. म्हणून मैत्रिणीला उपयोग झाला म्हणून केमिस्टकडून परस्पर आणू नये.

मेफेनामिक ॲसिड घराघरांत पोटदुखीची गोळी म्हणून माहीत आहे. त्याने दुखणे थांबते आणि स्रावही काही प्रमाणात कमी होतो. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असणाऱ्यांनी ते टाळावे. 2023 च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने या औषधामुळे क्वचित होणाऱ्या एका गंभीर ॲलर्जीबद्दल इशारा दिला होता. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ आणि गाठी सुजणे असे दिसल्यास ती लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

हार्मोनच्या औषधांत गर्भनिरोधक गोळ्या, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आणि गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन येते. गर्भनिरोधक गोळ्यांचे नाव ऐकताच अविवाहित मुलीची आई दचकते. येथे त्या पाळी नियमित आणि कमी करण्याचे औषध म्हणून दिल्या जातात आणि बंद केल्यावर मूल होण्याच्या क्षमतेला बाधा येत नाही. धूम्रपान करणाऱ्या पस्तिशीपुढच्या स्त्रिया, उच्च रक्तदाब किंवा डोळ्यांपुढे चमकल्यासारखे दिसून येणारी अर्धशिशी असलेल्या स्त्रिया यांना मात्र त्या दिल्या जात नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ऑर्मेलॉक्सिफिन ही गोळीही आपल्याकडे या तक्रारीवर दिली जाते. शासनाच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात ती 'छाया' या नावाने मिळते, पण अतिस्रावासाठी तिचा डोस वेगळा असतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

गर्भाशयात बसवायचे लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनचे साधन दिसायला तांबीसारखे असते आणि काम नेमके उलट करते. ते अस्तर पातळ ठेवते आणि सहा महिने ते वर्षभरात स्राव नव्वद टक्क्यांपर्यंत कमी करू शकते. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात. ही गोष्ट आधी न सांगितल्यामुळे अनेक जणी ते घाईने काढून टाकतात आणि नेमका फायदा सुरू व्हायच्या वेळी उपचार सुटतो. एकदा बसवल्यावर पाच वर्षे तरी चालते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च मोठा वाटला तरी वर्षांत वाटून पाहावा. माझ्या मते, मूल इतक्यात नको असलेल्या आणि गर्भाशयाची पोकळी वेडीवाकडी नसलेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेच्या निर्णयाआधी या साधनाची माहिती घ्यायलाच हवी.

गणपतीत किंवा घरच्या लग्नात पाळी येऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि आधीच जास्त जाणाऱ्यांना ती आणखी जोरात येऊ शकते. वरचेवर असे केल्याने नोंद बिघडते आणि मूळ कारणही झाकले जाते.

पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर

पॉलिप किंवा पोकळीतली गाठ दुर्बिणीतून काढता येते, मोठ्या गाठी गर्भाशय राखून काढता येतात, गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपाय आहे आणि मूल नको असल्यास अस्तर जाळण्याची शस्त्रक्रियाही आहे. यांतला कोणता आपल्याला लागू पडतो आणि कोणता का पडत नाही, हे विचारल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर 2019 मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. तिशीतल्या स्त्रीला, औषधे न देता, 'दोन मुले झाली, आता पिशवीचे काय काम' असे कुणी म्हणत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे. कर्करोग, औषधांना न जुमानणारा स्राव किंवा फार मोठ्या गाठी असतील, तर हीच शस्त्रक्रिया योग्य असते आणि त्यानंतर अनेक स्त्रियांची प्रकृती खरोखर सुधारते. तेव्हा अंडाशय ठेवणार की काढणार हा प्रश्न मात्र वेगळा विचारावा, कारण पाळी जाण्याच्या वयाआधी ते काढल्यास हाडे आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो.

त्या चार दिवसांची व्यवस्था

उपचार लागू पडेपर्यंत दिवस निभवायचेच असतात. उपनगरी लोकलमध्ये शौचालय नसते आणि विरार किंवा कल्याणहून येणाऱ्या स्त्रीला तास-दीड तास गाडीतच काढावा लागतो. म्हणून जास्त स्रावाच्या दिवशी निघण्याच्या अगदी आधी पॅड बदलावा, शक्य असल्यास कप किंवा पीरियड पँटी आणि पॅड असे दोन्ही वापरावे, आणि आपल्या मार्गावरच्या कोणत्या स्थानकाचे शौचालय वापरण्याजोगे आहे हे एरवीच्या दिवसांत पाहून ठेवावे. पर्समधल्या एका छोट्या पिशवीत जादा पॅड, एक अंतर्वस्त्र, जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे, ओले टिश्यू आणि त्या दिवसाच्या गोळ्या कायम भरलेल्या असाव्यात. चाळीत सामायिक शौचालय असेल आणि तिथे डबा नसेल, तर वापरलेला पॅड कागदात गुंडाळून घरच्या कोरड्या पिशवीत ठेवून कचरागाडीत द्यावा. शौचालयाच्या भांड्यात टाकल्यास सगळ्या मजल्याचा पाइप तुंबतो.

कापडी पॅड वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात जपावे. जुलैत गॅलरीतल्या दोरीवर कापड चार-चार दिवस ओलसर राहते, आणि दमट कापड वापरल्याने खाज व संसर्ग होतो. त्या महिन्यांत पर्याय म्हणून दुसरे साधन जवळ असावे.

घरातल्या एका तरी माणसाला आणि कामावरच्या एका तरी सहकारी स्त्रीला या त्रासाची कल्पना असावी. चक्कर आली तर धावून येणाऱ्याला कारण आधी माहीत असलेले बरे. नवऱ्याला, वडिलांना, भावाला हे सांगण्यात संकोच वाटतो, तरीही रात्री बारा वाजता केमिस्टकडे किंवा कॅज्युअल्टीत जायची वेळ आली तर तेच सोबत असणार आहेत.

पुढचे तीन महिने

उपचार सुरू झाल्यावर नोंद थांबवू नये. पॅड तेच, गुण तेच आणि कागदही शक्यतो तोच ठेवावा, म्हणजे आधीचे 180 आणि नंतरचे 90 शेजारीशेजारी दिसतात. लोह सुरू केल्यावर साधारण चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. ते निदान एका अंकाने वर यायला हवे. फेरिटिन तीन महिन्यांनी पाहावे. गोळ्यांनी तीन पाळ्यांत बेरीज फारशी उतरली नाही, तर गोळ्यांची तीच चिठ्ठी चौथ्यांदा लिहून घेऊ नये. नोंद पुढे ठेवून 'यानंतरचा उपाय कोणता?' असे डॉक्टरांना विचारावे. हार्मोनचे साधन बसवले असेल, तर मात्र निर्णयाला सहा महिने द्यावेत आणि तोपर्यंत पडणारे डाग वेगळ्या रंगाच्या शाईने लिहावेत, म्हणजे पाळी कोणती आणि डाग कोणते हे तपासणीच्या वेळी लगेच कळते.